हळू आवाजातल्या गोष्टी

लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या आणि आमच्या घरात ‘श्रीमान श्रीमती’ ही विनोदी मालिका परत आली. आई सोफ्यावर पाय वर घेऊन, मांडीवर ताट ठेवून गवार मोडत बसायची. मालिकेतला केकू आवाज मऊ करून शेजारच्या दारात उभा राहिला की तिचे हात थांबायचे आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. एकदा हसता हसता म्हणाली, “अगदी आपले सेक्रेटरी गं!” खणखणीत आवाजात, खिडक्या सताड उघड्या असताना. थोड्या वेळाने फोन वाजला. डोंबिवलीच्या जुन्या बिल्डिंगमधल्या काकू होत्या. भाजी मिळते का, दूधवाला येतो का, सगळं झालं. मग आईचा आवाज एकदम खाली गेला. घरात आम्ही दोघीच, ऐकणारं तिसरं कुणी नाही, तरी तिने तोंडापाशी हात नेला. “सिस्टर ना? अजून एकटीच असते का? हो हो... तेव्हाचं ते प्रकरणच तसं होतं.”

सेक्रेटरींची गोष्ट सांगताना चढा आवाज, सिस्टरची सांगताना हळू. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या मजल्यावरचे काका. बॅडमिंटनची रॅकेट खांद्याला, शर्टाला इस्त्री कडक, आणि बायकांशी बोलताना मान किंचित तिरकी. बिल्डिंगमध्ये नवी सून आली की तिला पाण्याची वेळ समजावून सांगायला हेच जाणार. गणपतीच्या कार्यक्रमाचं निवेदन यांच्याकडे, महिलांच्या संगीत खुर्चीचं रेकॉर्ड लावणं-थांबवणंही यांच्याकडेच. ‘श्रीमान श्रीमती’ लागायला लागली आणि पोरांनी त्यांचं नाव केकू ठेवलं. त्यांना ते आवडलं. कुणी जिन्यातून “काय केकू!” म्हटलं की तेही मालिकेतल्यासारखे लाजून दाखवायचे. हळदीकुंकवाला त्यांच्या बायकोच्या देखत हे विनोद व्हायचे, तीही हसायची आणि तिळगुळाची वाटी पुढे करायची. आम्हा वयात येणाऱ्या मुलींना मात्र घरोघरी एकच गोष्ट सांगून ठेवलेली होती: काका जिन्यात असले तर थांब, आधी त्यांना वर जाऊ दे. त्यांच्या पुढून चढू नकोस. सांगणाऱ्या आयांच्या चेहऱ्यावर राग नसायचा. पाऊस येईल, छत्री घेऊन जा, असंच ते सांगितलं जायचं. मी खालच्या पायरीवर दप्तर धरून उभी राहायची, वरच्या मजल्यावर त्यांच्या दाराची कडी वाजली की मग चढायची. माझ्यासारख्या अजून कितीजणी त्या पायरीवर थांबल्या असतील. पण त्या थांबण्याबद्दल कुणी कधी एका शब्दाने काका वाईट आहेत असं म्हटलं नाही. त्यांचं नाव चांगलंच राहिलं. निवृत्त झाले तेव्हा सोसायटीने शाल-श्रीफळ दिलं.

मालिकेबद्दल मला आधी एक कबूल केलं पाहिजे असं वाटतं की ती फार चांगली केलेली होती. १९९४ मध्ये दूरदर्शनवर आली, अधिकारी बंधूंची निर्मिती, राजन वाघधरे यांचं दिग्दर्शन, आणि लेखन अशोक पाटोळे यांचं. म्हणजे हिंदीत बोलणारी, पण हाडामांसाने मराठी रंगभूमीवरून आलेली. दारांची उघडझाप, चुकीच्या वेळी आत येणारा माणूस, एकाच वाक्याचे दोन अर्थ, हे सगळं आपण शिवाजी मंदिरात आणि सावित्रीबाई फुले नाट्यगृहात बघत आलेलोच आहोत. जतीन कनाकियांचा केशव कुलकर्णी, म्हणजे केकू, आणि राकेश बेदींचा दिलरुबा यांचं टायमिंग आजही चुकत नाही. केकूला शेजारची सिनेनटी प्रेमा शालिनी हवी, तिचा नवरा दिलरुबाला केकूची बायको कोकी हवी, आणि दोघांनाही काही मिळत नाही. न मिळण्यावरच मालिका चालते. हात पुढे जातो आणि बरोब्बर तेव्हाच बेल वाजते. म्हणूनच ती ‘कौटुंबिक’ होती, म्हणूनच आम्ही आजीसकट एका खोलीत बसून बघू शकत होतो.

पण परत बघताना मी केकूकडे कमी आणि कोकीकडे जास्त बघत होते. रीमा लागूंची कोकी. सुती साडी, केसांचा साधा अंबाडा, घरभर तिचाच वावर. मालिकेतल्या दोन्ही बायकांना एक अट घातलेली आहे: त्यांना काही कळता कामा नये. प्रेमाला कळलं तर ती केकूला घरात येऊ देते म्हणून तिचं नाव खराब, कोकीला कळलं तर ती दिलरुबाचं कौतुक ऐकून घेते म्हणून तिचं खराब. दोघी निर्मळ आहेत, कारण त्यांना डोळे दिलेले नाहीत. पुरुषांची इच्छा पडदाभर पसरलेली, पहिल्या भागापासून शेवटपर्यंत, आणि तिने कुणाचंच काही बिघडत नाही. बायकांची इच्छा कुठे आहे हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. मी मुद्दाम उलटं करून बघितलं. समजा कोकीलाच दिलरुबा आवडायला लागला. त्यात अशक्य काय आहे? हा माणूस तिच्या हातच्या जेवणाला नावाजतो, तिच्याशी गोड बोलतो, तिचं म्हणणं ऐकून घेतो. नवरा भिंतीपलीकडच्या बाईच्या विचारात गुंग. कुठल्याही बाईला अशा माणसाबद्दल थोडंसं काही वाटू शकतं. फक्त वाटलं, एवढंच दाखवलं असतं, हात पुढे न करता, बेल वाजायच्या आतच, तरी ती मालिका पुढच्या आठवड्यात त्याच घरांमध्ये बघितली गेली नसती. निदान आमच्या घरात तरी नाही.

रीमाताईंच्या बाबतीत तर आणखीच नाही. कारण तोवर त्या साऱ्या देशाच्या आई झालेल्या होत्या. १९८९ मध्ये, जेमतेम एकतिशीच्या असताना, त्या सलमान खानची आई म्हणून पडद्यावर आल्या, आणि ‘श्रीमान श्रीमती’ आली त्याच वर्षी माधुरी दीक्षितची. प्रेक्षक एका पडद्यावरची अब्रू दुसऱ्या पडद्यावर घेऊन येतात. ही खोड फक्त आपली नाही. अमेरिकेत १९७० मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘द मेरी टायलर मूर शो’ सुरू झाला, एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या तिशीतल्या मेरी रिचर्ड्सची गोष्ट. जेम्स एल. ब्रूक्स आणि ॲलन बर्न्स या लेखकांना ती घटस्फोटित दाखवायची होती. वाहिनीने नकार दिला. एक भीती अशी की आधीच्या मालिकेत मेरीचं काम करणारी नटी, मेरी टायलर मूर, डिक व्हॅन डाइक या नटाची बायको झाली होती, तेव्हा लोकांना वाटेल हिने त्यालाच सोडलं! नटी तीच, पात्र वेगळं, घर वेगळं, गाव वेगळं, तरी एका मालिकेतल्या संसाराची बोलणी दुसऱ्या मालिकेत तिच्या मागे येणार, याची मोठमोठ्या लोकांना खात्री होती. शेवटी तडजोड म्हणून मोडलेला साखरपुडा लिहिला गेला. पण त्या लेखकांनी हार मानली नाही. १९७२ मधल्या एका भागात मेरीचे आईवडील तिच्याकडे आलेले असतात. निघता निघता आई नवऱ्याला म्हणते, गोळी घ्यायला विसरू नका, आणि बाप व लेक एकदम उत्तर देतात, नाही विसरणार. बस, एवढंच. मेरी संततिनियमनाची गोळी घेते हे एका ओळीत घरोघरी कळलं, तिला कुणी त्याचा जाब विचारला नाही, तिची नोकरी गेली नाही, ती रडली नाही. विनोदी मालिकेतल्या बाईला तिचं खाजगी आयुष्य आहे, हे हसत हसत मान्य करता येतं. कोकीच्या वीस-बावीस वर्षं आधी ते झालेलं होतं.

सिस्टर आमच्या समोरच्या दारात राहायची. तिच्या आईवडिलांसह. वडिलांना अर्धांग झालेलं. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नोकरी, आलटून पालटून दिवस-रात्र ड्युटी. तिच्या चपलांचा आवाज मला अजून ओळखू येईल. रबरी तळव्याच्या पांढऱ्या चपला, जिन्यात वाजायच्याच नाहीत, फक्त शेवटच्या पायरीवर एक ओढल्यासारखा आवाज, दमलेल्या माणसाच्या पावलांचा. दुसऱ्या पाळीहून उशिरा सुटली की स्टेशनबाहेर रिक्षा मिळायची नाही. कुणीतरी स्कूटरवर सोडायला येऊ लागलं. गेटबाहेर स्कूटर थांबायची, इंजिन चालूच राहायचं, ती उतरायची, दोन वाक्यं बोलणं व्हायचं, स्कूटर वळायची. बिल्डिंगच्या खिडक्यांमागे दिवे बंद असायचे, पण लोक जागे असायचे.

एका रविवारी सकाळी दोन गृहस्थ आमच्याकडे आले. सिस्टरला स्थळ आलेलं होतं, आणि मुलाकडची माणसं चौकशीला निघालेली. मुलीच्या घरी जायच्या आधी शेजारी विचारायचं, ही तेव्हाची सरळ पद्धत. मी आतल्या खोलीत दहावीची गणितं सोडवत होते, दार लोटलेलं. आईने चहा टाकला. आल्याचा वास आला. एकाने विचारलं, “मुलगी कशी आहे, वहिनी? आपल्या मुलीसारखी समजून सांगा.” आई म्हणाली, “गुणाची आहे हो. आईवडिलांचं सगळं तीच करते. घर तिच्यावरच चाललंय.” मग कपबश्यांचा आवाज. मग आई म्हणाली, “ड्युटी कधीकधी रात्रीची असते, एवढंच. सोडायला येतो कुणीतरी. चांगला माणूस दिसतो.” तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता. मी पहिल्यांदा तो आवाज तेव्हाच ऐकला. बाहेर क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग बशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. “बरं. येतो आम्ही.” चहा अर्धाच राहिला होता, मी नंतर कप उचलले तेव्हा दिसला.

आईने एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. कुणी विचारलं असतं तर शपथेवर तेच सांगितलं असतं. चांगला माणूस दिसतो हेही तिने मनापासून म्हटलं असेल. ते स्थळ पुढे गेलं नाही, आणि त्यानंतरचंही नाही. हळूहळू सगळ्या बिल्डिंगला माहीत झालं की सिस्टरचं काहीतरी आहे. काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं आणि माहीत करून घेण्याची गरजही कुणाला वाटली नाही. तिची बाजू घेणारेही होते. एक आजोबा ठामपणे म्हणायचे, तसं काही नाही, पोर सोन्यासारखी आहे. मला आता त्यांच्या त्या बाजू घेण्याचाही त्रास होतो. म्हणजे ‘तसं काही’ असतं तर ती सोन्यासारखी राहिली नसती? स्कूटरवाला तिला आवडत असला, तिला त्याच्याबरोबर लग्न करायचं असलं, किंवा नसलं, आणि तरी त्याच्या मागे बसून घरी यावंसं वाटत असलं, तर ती तिची गोष्ट आहे, असं म्हणणारं एकही माणूस त्या चार मजल्यांत नव्हतं. तिच्यापुढे दोनच जागा होत्या, एक डागाळलेली, दुसरी अजाण. कोकीच्या शेजारची जागा.

आईबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो सरळ राग नाही. तिने स्वतः सरकारी कचेरीत वर्षानुवर्षं नोकरी केली आणि ऑफिसातल्या कुणा पुरुषाबरोबर स्टेशनपर्यंतही चालत गेली नाही. दोघांचा रस्ता एकच असला तर ती मुद्दाम भाजी घ्यायला थांबायची. बायकांच्या डब्यातल्या मैत्रिणी, ठरलेली लोकल, दिवेलागणीच्या आत घरात. ती नाव जपत होती, रोज, एखादं व्रत करावं तसं, आणि त्या व्रताचं फळ काय तर मुलींची लग्नं नीट झाली. ज्या बाईने इतकं सोडलं तिला सिस्टरचं स्कूटरवरून उतरणं बघवत नसेल, हे मी समजू शकते. पण सेक्रेटरींचं तिला बघवत होतं. त्यांच्यावर ती हसू शकत होती, हे मला समजत नाही. किंवा समजतं, आणि ते जास्त अवघड जातं: पुरुषाकडून तिने कसली अपेक्षाच ठेवलेली नव्हती.

तेव्हाचा कायदाही असाच होता, हे मला फार नंतर वाचताना कळलं. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७, १८६० पासूनचं. दुसऱ्याच्या बायकोशी त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, पाच वर्षांपर्यंत कैद. गुन्हा कुणाविरुद्ध? तर त्या बाईच्या नवऱ्याविरुद्ध. गुन्हेगार पुरुषाची स्वतःची बायको तक्रार करू शकत नव्हती, तिचं या प्रकरणात काही हरवलं असं कायदा मानतच नव्हता. म्हणजे ‘श्रीमान श्रीमती’ कोर्टात गेली असती तरी तिथे दोन श्रीमानच समोरासमोर उभे राहिले असते, केकू आणि दिलरुबा. कोकीला बाकावरही जागा नव्हती. आणि त्याच कलमात लिहिलेलं होतं की बाईला शिक्षा नाही. मेहेरबानी वाटावी अशी तरतूद. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते कलम रद्द केलं, बायको ही नवऱ्याच्या मालकीची वस्तू नाही म्हणत. मी ती बातमी वाचली तेव्हा मला सिस्टर आठवली, जिचा त्या कलमाशी काहीच संबंध नव्हता, तिचं लग्नच झालेलं नव्हतं. कायद्याने बाईला हात न लावण्याचं ठरवलं होतं. ते काम चौकशीला येणारी माणसं आणि चहा देणारी घरं करत होती.

बाईची इच्छा टीव्हीवर कधी आलीच नाही असं नाही. १९९६ मध्ये झी टीव्हीवर ‘हसरतें’ आली, जयवंत दळवींच्या ‘अधांतरी’ कादंबरीवरून. नवऱ्याला सोडून विवाहित पुरुषाबरोबर राहणाऱ्या बाईची गोष्ट. आमच्याकडे केबल नुकतीच आली होती आणि ती मालिका आई दार लावून, एकटी बघायची. मी पाणी प्यायला आले तर चॅनेल बदलायची. तिथे कुणी हसत नव्हतं. पार्श्वसंगीत जड, चेहरे जड, आणि प्रत्येक सुखाची वसुली पुढच्या भागात. तेच दशक, तीच घरं, तीच टीव्ही बघणारी बाई. पुरुषाचं मन भरकटलं की सगळे मिळून हसायचं, बाईचं भरकटलं की दार लावून रडायचं. हे वाटप इतकं घट्ट बसलेलं आहे की २०१५ मध्ये ‘भाभीजी घर पर हैं!’ आली तेव्हा पुन्हा तीच दोन घरं, तेच दोन नवरे, त्याच काही न कळणाऱ्या दोन बायका, आणि ती मालिका वर्षानुवर्षं धो धो चालली. माझी भाची ती बघत मोठी झाली. तिच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे आणि तिलाही कुणीतरी सांगून ठेवलंय की अमुक काका आत असले तर पुढच्या फेरीने ये.

अशोक पाटोळ्यांबद्दल मला म्हणूनच राहून राहून वाटतं. हा माणूस ‘आई रिटायर होतेय’चा लेखक. घरादारासाठी राबणारी बाई एक दिवस सगळ्यांसमोर सांगते की मी आता निवृत्त होते आहे, तुमचं तुम्ही बघा, आणि भक्ती बर्वे ते म्हणायच्या तेव्हा थिएटरातल्या बायकांना काय व्हायचं ते मी पाहिलेलं आहे. ज्याला बाईच्या मनातला थकवा इतका नेमका दिसला, त्याला तिच्या मनातली ओढ दिसली नसेल हे मला पटत नाही. आणि कोकीकडे पुन्हा नीट बघितलं तर मला शंका येते. केकू काहीतरी थाप मारून बाहेर सटकतो तेव्हा रीमाताई लगेच बोलत नाहीत. पदराला हात पुसत एक श्वासभर त्याच्याकडे बघतात, आणि मगच भोळेपणाने मान हलवतात. त्या एका श्वासात कोकीला सगळं माहीत आहे असं मला प्रत्येक वेळी वाटतं. माहीत असूनही संसार मोडायचा नाही म्हणून गप्प बसणाऱ्या बाया मी हळदीकुंकवात वाट्या पुढे करताना पाहिल्या आहेत, सेक्रेटरींची बायको त्यातलीच.

पाटोळे २०१५ मध्ये गेले, रीमाताई २०१७ मध्ये, कनाकिया तर त्याआधीच, १९९९ मध्ये. नाहीतर मी पाटोळ्यांना पत्र लिहिलं असतं. कोकीला माहीत होतं ना? आणि होतं, तर इतक्या सगळ्या भागांपैकी एक तरी तुम्ही तिला द्यायला हवा होता. तिला राग येतो तो भाग, किंवा तिलाही शेजारचा आवडतो तो भाग, आणि शेवटी बेल वाजत नाही असा.